शवासन आणि क्रीडांगण : विद्यार्थी-खेळाडूंच्या योगशिक्षणातील एक उपेक्षित धागा

स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न लागणे, हातापायांना कंप सुटणे, परीक्षा व सामने एकाच पंधरवड्यात आल्यामुळे चित्त सैरभैर होणे, या गोष्टी विद्यार्थी-खेळाडूंना नवीन नाहीत. त्यांवर योगाभ्यास हा हितकर उपाय आहे, हा विचार आज इतका रुळला आहे की, योग विद्यालयांच्या मैदानावर आला तो मुळी याच हेतूने आला असावा, असा समज सहज होतो. मुंबई इलाख्याचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. येथे योग प्रथम आला तो व्यायाम म्हणून. आणि ताण निवविणारे त्याचे जे अंग, ते क्रीडांगणावर पोहोचण्यापूर्वी रुग्णालयात पोहोचले.

वस्तुतः हठयोगाच्या ग्रंथांत हे अंग अगदी उघडपणे सांगितलेले आहे. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत शवासनाचे वर्णन करताना ते श्रम हरण करणारे व चित्ताला विश्रांती देणारे आहे, असा स्पष्ट निर्देश केलेला आढळतो. याहूनही लक्षणीय बाब अशी की, योगाभ्यासाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत या ग्रंथाने ‘प्रयास’, म्हणजे अतिश्रम, ही गोष्ट गणलेली आहे. आणि पातंजल सूत्रांत आसनसिद्धीचे साधन म्हणून ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगितले आहे. ज्याला खेळाडूचा पहिला गुण मानावयाचा, तोच येथे दोष ठरतो! आखाडा व योगशाळा यांतील हा विरोध वरवरचा नव्हे.

हे दोन्ही प्रवाह एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आले ते स्वामी कुवलयानंद यांच्या रूपाने. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे (1883–1966) यांनी बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले, आणि पुढे मालसरच्या परमहंस माधवदास यांच्याकडे योगाचे. मध्यंतरी अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. म्हणजे ते तालमीतून आलेले शिक्षक होते, हे विसरून चालत नाही. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत पोटातील दाबात कोणता फरक पडतो, हे क्ष-किरणांच्या व मापनयंत्रांच्या साहाय्याने पाहण्याची त्यांची पद्धत त्या काळी अपूर्वच होती. तथापि यंत्राने जे मोजता येत होते त्याकडेच संशोधनाचा ओढा राहावा, हेही तितकेच स्वाभाविक होते. भीती मोजण्याचे साधन तेव्हा कोठे होते?

1936 साली त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक निघाले. एका शिक्षकाने आज्ञा द्याव्यात व मैदानभर उभ्या असलेल्या मुलांनी एका तालात हालचाली कराव्यात, अशी ही योजना होती. शाळांत साधने थोडी व मुले फार. तेव्हा तिची व्यावहारिक उपयुक्तता निर्विवाद होती. परंतु आकड्यांवर चालणाऱ्या या कवायतीत प्रयत्नशैथिल्याला जागा अपुरीच उरणार. योगायोग असा की, त्याच वर्षी मॉन्ट्रिअल येथे हान्स सेल्ये यांनी निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक प्रकारे प्रतिसाद देते, हे ‘नेचर’मधील आपल्या छोट्या टिपणात मांडले. ज्या अर्थाने आज ‘ताण’ हा शब्द वापरला जातो, त्याचा उगम तेथे आहे. 1936 च्या व्यायामशिक्षकापाशी थकव्याला शब्द होता, भित्रेपणाला होता. या दोहोंच्या मधल्या अवस्थेला नव्हता. म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डेक्कन जिमखान्याचे नाव 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकपासून खेळाडूंच्या जगात मोठे होते. 1937 साली डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकाराने तेथे योगशिक्षक म्हणून आले ते अठरा वर्षांचे, बाळपणीच्या आजारांनी खंगलेले बी. के. एस. अय्यंगार. त्यांच्याच आठवणींवरून दिसते की, वयाने व अंगाने थोराड असलेले महाविद्यालयीन विद्यार्थी प्रारंभी त्यांची चेष्टा करीत, आणि त्यांच्यापुढे टिकण्यासाठी अय्यंगारांना स्वतःचा सराव दिवसाचे कित्येक तास वाढवावा लागला. खेळाडूंच्या सभेत योगाला मान मिळवावयाचा तो खेळाडूंच्याच मापाने, असा तो प्रसंग होता. विश्रांती शिकविणाऱ्याला प्रथम पराक्रम दाखवावा लागला.

शवासनाचा स्वतंत्र विचार झाला तो 1969 मध्ये, आणि तोही मुंबईच्या रुग्णालयात. डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन व संथ श्वसन शिकवून त्यांचा परिणाम ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. औषध न घेणाऱ्यांचा रक्तदाब उतरला. ज्यांचा रक्तदाब औषधाने आटोक्यात होता त्यांपैकी अनेकांना औषध कमी पुरू लागले. या संशोधकांत कैवल्यधामाचे डॉ. विनेकर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे लोणावळ्याचा धागा तुटला नव्हता, त्याने केवळ वाट बदलली होती, हे कळून येते. अलीकडे विद्यार्थी-खेळाडूंवर जे प्रयोग झाले ते बहुधा लहान समूहांवरचे आहेत. त्यांवरून मनःस्वास्थ्याला लाभ संभवतो असे म्हणता येते. सामने जिंकले जातात असे नव्हे. शिवाय सराव, प्रवास व परीक्षा यांचे वेळापत्रकच जाचक असेल, तर तो जाच शवासनाने नाहीसा होत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये भारत सरकारने योगासनाला स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. आसनाची रेखीवता व स्थिरता यांना तेथे परीक्षक गुण देतात. ज्या अभ्यासाने स्पर्धेची धास्ती कमी व्हावयाची, तोच करण्यासाठी आता विद्यार्थी परीक्षकांसमोर उभा राहतो, आणि नाव पुकारले जाण्याची वाट पाहत असता त्याच्याही हाताला कंप सुटतो.