गोरोबाकाकांचं थापटणं आणि फादर दिब्रिटो

मंडळी, जानेवारी २०२० आठवतोय का? आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. संमेलननगरीला नाव आपल्या गोरोबाकाकांचं आणि अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ.

निवड जाहीर झाली आणि विरोध सुरू झाला. धमक्यांचे फोन गेले. उद्घाटक ना. धों. महानोरांनाही 'जाऊ नका' म्हणून सांगण्यात आलं. तेरमध्ये चहाच्या टपरीवरही तोच विषय. "पाद्र्याचा अन् मराठीचा काय संबंध?" एकानं मला तोंडावर विचारलं, "पत्रकार, तुम्हीच सांगा." मी चहा संपवला आणि निघालो. बातम्या दिल्या, पण उत्तर दिलं नाही. ते राहिलेलं उत्तर आज लिहितोय.

आधी संबंधाचं बघू. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे हा संबंध चारशे वर्षांचा आहे. पुढं पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं. पण रमाबाई लोकांच्या लक्षात राहिल्या त्या वेगळ्या कारणानं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना घर दिलं. जेवू घातलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. त्यांची प्रार्थना अशी चुलीपाशी आणि शाळेत चालायची.

दिब्रिटो त्याच वाटेवरचे. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. चर्चच्या मासिकात त्यांनी समाजाचे प्रश्न आणले. 'सुबोध बायबल' लिहिलं. पण आपल्या भागातल्या माणसाला त्यांचं एक काम लगेच कळेल. ते म्हणजे पाणी.

वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुलं, भाजीपाला आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं जमिनीला सोन्याचा भाव आला. इमारती उठू लागल्या. विहिरींचं पाणी उपसून टँकरनं विकलं जाऊ लागलं. समुद्र जवळ, त्यामुळं उपसा वाढला की विहिरीत खारं पाणी शिरतं आणि मग बाग जाते. हे बघून फादर चर्चबाहेर पडले. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चे निघाले. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, कारण विहीर आटताना कुणाची जात-धर्म विचारत नाही. धमक्या आल्या, तरी फादर हटले नाहीत. २०१६ साली टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्या गावची गोष्ट. संतमंडळी गोरोबाकाकांकडं जमली होती. काकांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत कोण भाजलं, कोण कच्चं ते सांगितलं. प्रत्यक्ष नामदेव कच्चे निघाले! विठ्ठल ज्यांच्याशी बोलायचा, ते नामदेव. काकांनी भक्तीचा गवगवा बघितला नाही, माणूस आतून किती पक्का झालाय ते बघितलं. आणि स्वतः चिखल तुडवत, मडकी घडवतच देवाचं नाव घेतलं.

त्या थापटण्यानं फादरना तपासलं असतं तर? माझं मत विचाराल, तर मडकं भाजलेलं निघालं असतं. पाठीच्या दुखण्यानं बेजार असतानाही ते संमेलनाला आले आणि असहिष्णुतेवर स्पष्ट बोलले. ज्या भीतीनं आपल्यातल्या काहींनी त्यांना विरोध केला, त्यातलं काय खरं ठरलं? कुणाचा धर्म बाटला? २५ जुलै २०२४ ला फादर गेले. मोबाइलवर ती बातमी वाचताना मला तो अर्धा कप चहा आठवला.

त्या टपरीवरच्या मित्राला आता सांगतो, संबंध होता, गड्या. आणि तेव्हा गप्प बसलो म्हणून थापटणं माझ्याच डोक्यावर आधी पडायला हवं होतं.