‘कोस्तुंब्रे’ आणि ‘आबितो’ : एका शब्दनिवडीचा इतिहास

स्पॅनिश भाषेतील जे शब्द कोशांत ‘सवय’ या एकाच अर्थाखाली शेजारी शेजारी बसविले जातात, त्यांची कुळे भिन्न आहेत. ‘कोस्तुंब्रे’ हा तद्भव शब्द होय. लॅटिनमधील ‘कॉन्सुएतूदो’ या शब्दाचा अंत्य प्रत्यय लोकभाषेत पालटला व त्यातून तो घडला. ‘होमिनेम’पासून ‘ओम्ब्रे’ (मनुष्य) हे रूप ज्या ध्वनिनियमाने सिद्ध झाले, तोच नियम येथेही दिसतो. ‘आबितो’ हा विद्वानांनी लॅटिनमधून उचललेला तत्सम शब्द. संन्यस्तांचा झगा हाही त्याचा एक अर्थ. ‘रुतिना’ मात्र पुष्कळ उशिरा फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी वाटेचा वाचक शब्द असून मळलेल्या वाटेचा कंटाळा त्याला अद्याप चिकटलेला आहे.

हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे. आल्फोन्सो दहावा (राज्यकाल १२५२–१२८४) याच्या ‘सिएते पार्तीदास’ या विधिसंग्रहात ‘उसो’, ‘कोस्तुंब्रे’ व ‘फुएरो’ अशी चढती श्रेणी मांडली आहे : वापरातून रूढी आणि रूढीतून कायदा. स्पॅनिश नागरी संहितेच्या १९७४ मध्ये सुधारलेल्या पहिल्या कलमातही कायद्याच्या पाठोपाठ ‘कोस्तुंब्रे’ हे विधीचे उगमस्थान मानले आहे. तेथे ‘आबितो’ योजल्यास समाजाचा अधिकार व्यक्तीच्या स्वभावात जिरून जाईल.

या शब्दकुळाचा गोमंतकाशीही संबंध आहे. अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये गोव्यातील गावकरांचे ‘उझुश’ व ‘कोश्तुमिश’ ज्या लेखात नोंदविले, तो ‘फोराल’ म्हणून प्रसिद्ध आहे. ‘उसो’, ‘कोस्तुंब्रे’ व ‘फुएरो’ यांचीच ही पोर्तुगीज भावंडे. मराठी अनुवादकाने येथे ‘गावकरांच्या सवयी’ असे लिहिल्यास जमीन व ग्रामव्यवस्था यांविषयीचे हक्क एका शब्दासरशी नाहीसे होतात. ‘रूढी’ किंवा ‘वहिवाट’ हेच शब्द येथे योग्य होत.

उलटपक्षी, नित्याचे वर्तन सांगण्यासाठी स्पॅनिश भाषा बहुधा नामाकडे वळतच नाही. ‘सोलेर’ हे लॅटिनमधून आलेले अपूर्ण क्रियापद ते काम करते. भविष्यकाळी त्याचा सहसा प्रयोग होत नाही, कारण अद्याप न घडलेल्या गोष्टीचा परिपाठ कसा सांगावा? त्याच्या भूतकाळी रूपाचे भाषांतर ‘त्याला पहाटे उठण्याची सवय होती’ असे करण्यापेक्षा ‘तो पहाटे उठत असे’ असे करणे अधिक यथार्थ. अशा प्रसंगी मराठीनेही हे कार्य नामाकडे न देता क्रियापदाकडेच सोपविले आहे.