रिक्त संचाच्या चिन्हाची वंशावळ

पुणे-नगर रस्त्याला चाकणहून येणारा रस्ता जेथे मिळतो त्या शिक्रापुरात, नववीतील विद्यार्थी गणिताच्या पहिल्या भागाचे पहिलेच प्रकरण उघडतो, तेव्हा ज्यात एकही घटक नाही तो 'रिक्त संच' असून तो रिकाम्या महिरपी कंसाने अथवा 'फाय' या चिन्हाने दर्शवितात, असे त्याला सांगण्यात येते. आणि तो निमूटपणे एक ग्रीक अक्षर घोटू लागतो. वस्तुतः रिक्त संचाच्या मूळ चिन्हाचा ग्रीक वर्णमालेशी सुतराम संबंध नाही.

घटकत्वाचे ∈ हे चिन्ह मात्र अस्सल ग्रीक कुळातले. इटलीच्या पेआनोने १८८९ साली एप्सिलॉनवरून ते रूढ केले. रिक्त संचाचे ∅ हे तिरप्या रेघेने छेदलेले वर्तुळ नॉर्वेजियन वर्णमालेतील एका स्वरावरून घेतलेले आहे. 'बूर्बाकी' या सामाईक टोपणनावाने ग्रंथरचना करणाऱ्या फ्रेंच मंडळींपैकी आंद्रे वेय या एकट्यालाच ती वर्णमाला परिचित होती, आणि चिन्हाची निवड आपलीच, असा कबुलीजबाब त्याने आत्मचरित्रात दिला आहे. संचसिद्धान्तावरील मंडळाच्या १९३९ च्या पुस्तिकेतून ते जगापुढे आले; तत्पूर्वी कित्येक गणिती त्या जागी शून्यच लिहून मोकळे होत, आणि शून्य ही एक संख्या असल्याने तो कारभार घोटाळ्याचाच होता.

हा वेय १९३० ते १९३२ या काळात अलीगढच्या विद्यापीठात प्राध्यापक होता, आणि पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे गोव्यात जन्मलेले चिरंजीव दामोदर यांना त्यानेच तेथे पाचारण केले होते. एका सहकाऱ्याची घमेंड उतरविण्यासाठी वेयच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली बूर्बाकी नावाच्या एका कल्पित रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर मोठ्या गांभीर्याने टिपण लिहिले, आणि संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेने ते तितक्याच गांभीर्याने छापले! फ्रान्समधील मंडळ स्थापन होण्यापूर्वीच त्या नावाची गणिती वाङ्मयातील पहिली नोंद अशा रीतीने एका मराठी माणसाच्या थट्टेने झाली. पुढे कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात १९४५ पर्यंत गणित शिकवीत होते. शिक्रापूर तेथून सुमारे ४० किलोमीटरवर.

छापखान्यात ∅ चा खिळा नसेल तर दिसण्यात जवळचा फाय चालवून घेतला जाई, असे मानण्यास जागा आहे, आणि खिळ्यांच्या अमदानीत ती तडजोड क्षम्यही होती. परंतु संगणकशास्त्रज्ञ क्नूथच्या, १९७८ साली अवतरलेल्या 'टेक्' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत रिक्त संचाला स्वतंत्र आज्ञा आहे, आणि युनिकोडच्या दफ्तरात तर ग्रीक फाय, नॉर्वेजियन स्वर व रिक्त संच यांची तीन निरनिराळी खाती आहेत. डोळ्यांना ही तिन्ही भावंडे वाटली तरी संगणकाच्या लेखी त्यांचे परस्परांशी नाते नाही. फाय घालून लिहिलेला मजकूर ∅ च्या शोधात सापडत नाही. शिवाय वरच्या वर्गांत फाय हाच कोन म्हणून, आणि पुढे ऑयलरचे फलन म्हणूनही भेटतो, ते वेगळेच. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढील आवृत्तीत फायला या कामगिरीतून मुक्त करावे आणि त्या जागी ∅ छापावे.