बाळंतिणीचें मन

ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस ह्याच्या नांवावर चालत आलेल्या ग्रंथांत सायझिकस नगरांतील एका स्त्रीची हकीकत आहे. प्रसूति फार कष्टाची झाली. जुळ्या मुली जन्मल्या. पुढें ज्वर चढला, झोप उडाली, ती खिन्न व अबोल झाली, भ्रमांत बरळूं लागली आणि सतराव्या दिवशीं मरण पावली. त्या भ्रमाचें कारण बहुधा ज्वरच असावा. वैद्यानें लक्षणें दिवसागणिक टिपलीं. पण तिच्या मनांत काय चाललें होतें, हें टिपलेलें नाहीं.

ह्या विषयाला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा फार उशिरां लाभली. १८५८ सालीं पॅरिसमध्यें लुई-व्हिक्टर मार्से ह्यानें गर्भिणी, नवप्रसूता आणि स्तन्यदा स्त्रियांच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. तरीहि उपचार म्हणजे बहुधा मातेची मुलापासून ताटातूटच असे. १९४८ सालीं इंग्लंडमधील कॅसल रुग्णालयांत टॉमस मेन ह्यांनीं एका मातेस तिच्या मुलासह दाखल करून घेतलें, आणि नवी वाट खुली झाली.

भयंकर प्रसूतीच्या आघाताला नांव मिळण्यास मात्र आणखी काळ लागला. १९८० सालीं अमेरिकेंतील मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें आघातोत्तर विकारास आपल्या वर्गीकरणांत स्थान दिलें. पण मूळ प्रसंग सामान्य मानवी अनुभवाच्या बाहेरचा असावा, अशी अट होती. बाळंतपण तर घरोघरचें! त्यामुळें रक्तस्रावांत मृत्यु समोर पाहिलेली स्त्री ह्या व्याख्येंत सहज बसेना. १९९४ सालीं ती अट गेली. प्रसंग किती विरळा, ह्यापेक्षां तो जिवावर बेतला होता काय, हें महत्त्वाचें ठरलें.

मग आधार कोणता द्यावा? १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील एका प्रयोगांत, घरोघर जाणाऱ्या परिचारिकांना थोडें शिक्षण देऊन, प्रसूतीनंतर औदासिन्यानें ग्रासलेल्या स्त्रियांकडे आठवड्यास एक अशा आठ वेळां पाठविलें. त्यांचें काम मुख्यतः ऐकून घेणें हेंच होतें. अशा २६ स्त्रियांपैकीं १८ पूर्ण बऱ्या झाल्या. ज्यांना ह्या भेटी मिळाल्या नाहींत अशा २४ पैकीं केवळ ९. उलट २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्या प्रयोगांत, शस्त्रक्रियेनें किंवा उपकरणांच्या साहाय्यानें प्रसूत झालेल्या १,०४१ स्त्रिया होत्या. त्यांतील कांहींशीं घरीं जाण्यापूर्वीं सुइणीनें एकदांच संभाषण केलें. सहा महिन्यांनीं त्याचा लाभ दिसला नाहीं. दोन प्रयोगांनीं सगळा निवाडा होत नाहीं हें खरें. तरी आठवड्यामागून आठवडे लाभणारी सोबत आणि एका बैठकीचें समाधान, ह्यांतील अंतर त्यांवरून ध्यानांत येतें.

भारतांत २००९ सालीं बंगळूरच्या निमहान्स संस्थेंत माता व तान्हें ह्यांच्यासाठीं एकत्र विभाग निघाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें तर तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः तोडूं नये, असें सांगितलें.

महाराष्ट्रांत बाळंतिणीला माहेर असतें, शेकशेगडी असते, डिंकाचे लाडू असतात. देहाची ही काळजी थोर खरीच; पण ‘पोर सुखरूप आहे ना, मग रडतेस कां?’ ह्या एका वाक्यानें तिचें तोंड बंद होतें. तें वाक्य घरानें टाकावें. तिला झोप येईनाशी झाली, भलतेंच दिसूं वा ऐकूं येऊं लागलें, स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचें वाईट विचार आले, तर त्याच दिवशीं वैद्याकडे न्यावें, आणि तोंवर तिला एकटें ठेवूं नये. एरवीं रोज थोडा वेळ तिच्यापाशीं बसून तिचें बोलणें मध्यें न तोडतां ऐकावें. औषधाचें काम औषध करील. पण हें काम घरच्यांचेंच आहे.