माथ्यावरची मोकळी जागा

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या मुरुडला येणाऱ्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. आपली डोलकाठी किती उंच आहे, हे नाखव्याला कुणी सांगावे लागत नाही. खाडीवर पूल असेल तर त्याखालून कोणत्या पाण्यात जायचे आणि कोणत्या पाण्यात थांबायचे, हेही त्याला ठाऊक असते. भरतीला पाणी चढले की पुलाखालची जागा कमी होते, ओहोटीला वाढते. पूल जागचा हलत नाही, हलते ती खालची वाट.

रस्त्यावरच्या माणसाला हे ज्ञान फार उशिरा आले, आणि तेही पुरते आलेले नाही. आपल्याकडे रस्त्यांचा इतिहास लिहिताना लांबी सांगतात, रुंदीही सांगतात. उंची सहसा कुणी सांगत नाही. कोणत्या काळात वाहनाच्या डोक्यावर किती जागा सोडली, ती कशाने खाल्ली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा त्या इतिहासाचा राहून गेलेला भाग आहे.

सुरुवात एसटीच्या टपापासून करू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. पुढची कित्येक वर्षे एसटीच्या मागे लोखंडी शिडी आणि वर सामानाचा कठडा असे. आंब्याच्या पेट्या, मासळीच्या टोपल्या, नव्या संसाराची कपाटे, सगळे टपावर चढे. त्यामुळे गाडीची कागदावरची उंची एक आणि रस्त्यावरची दुसरी. वडाची फांदी कुठे खाली आली आहे, तार कुठे लोंबते आहे, हे चालक-वाहकांच्या डोक्यात असे आणि बदली झाली की ते ज्ञानही त्यांच्याबरोबर जाई. नोंदवही कुठेच नव्हती.

कायद्याने आकडे ठरवले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधले. त्यांत साध्या वाहनाला ३.८ मीटर, म्हणजे साडेबारा फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी, आणि दुमजली बसला ४.७५ मीटर उंची मान्य झाली. २०२०च्या दुरुस्तीने मालवाहू वाहनांची मर्यादा ४ मीटर झाली. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला ४.५२ मीटरपर्यंत मुभा आहे. दुसरीकडे, भुयारी मार्गात किती उंची सोडावी हे इंडियन रोड्स काँग्रेसने १९७४च्या संहितेत सांगितले : ग्रामीण भागात ५ मीटर, शहरात ५.५ मीटर. विजेच्या तारांसाठी १९५६चे नियम होते. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार किमान ५.८ मीटरवर आणि उच्च दाबाची ६.१ मीटरवर हवी.

हे आकडे वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या वर्षी ठरवले. ते एका कागदावर शेजारी शेजारी मांडले की काही गोष्टी नजरेत भरतात. रेल्वेची विद्युत तार जिथे रस्ता ओलांडते, तिथे फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट उभी असते. तिला हाइट गेज म्हणतात. तिची उंची ४.६७ मीटर, आणि तार असते किमान ५.५ मीटरवर. मधली ८३ सेंटीमीटर जागा ही विजेपासून जीव वाचवण्याची जागा. आता दुमजली बसची ४.७५ मीटर उंची आठवा. रस्त्यावर कायदेशीर असलेली ही बस फाटकाच्या चौकटीला ८ सेंटीमीटरने अडते. ४.५२ मीटरचा कंटेनर १५ सेंटीमीटर राखून जातो. पण चौकटीखालच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले तर? एक थर साधारण ४ ते ५ सेंटीमीटरचा. जुना थर न खरवडता तीन वेळा डांबरीकरण झाले की ते १५ सेंटीमीटर संपले. खाडीतली भरती सहा तासांनी उतरते. डांबराची भरती उतरत नाही.

उंचीचा हा हिशेब सर्वांत महाग पडला तो मुंबईत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, तीही १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. रुळांवरचे बरेच पूल वाफेच्या इंजिनाच्या काळातले. त्यांच्याखाली धुराड्यापुरती जागा होती. त्याच जागेत तार बसवली. १५०० व्होल्टला ते चालून गेले. पण पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणायचे ठरले, तेव्हा तार आणि पूल यांच्यामध्ये पूर्वीपेक्षा जास्त हवा ठेवणे भाग पडले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर हा बदल २०१५मध्ये पुरा झाला. सँडहर्स्ट रोड आणि भायखळा यांच्यामधला हँकॉक पूल १८७९चा, १९२३मध्ये नव्याने बांधलेला. त्याची उंची अपुरी ठरली आणि जानेवारी २०१६मध्ये तो पाडला. नव्या पुलाचा काही भाग खुला व्हायला २०२२ साल उजाडले. मधल्या वर्षांत माझगाव-डोंगरीची माणसे, शाळेची मुलेसुद्धा, रूळ ओलांडत राहिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. काही सेंटीमीटर हवेसाठी एका वस्तीची वाट सहा वर्षे बंद होती.

त्याच २०१६मध्ये मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल आली. ती यायची होती मध्य रेल्वेवर. पण तिची उंची तिथल्या जुन्या पुलांखाली बसेना. अखेर ती पश्चिम रेल्वेला दिली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी ती बोरिवलीहून चर्चगेटकडे धावली. गाडी बांधणाऱ्याचे गणित चुकले नव्हते आणि पूल बांधणाऱ्याचेही नाही. दोघांमध्ये शंभर-दीडशे वर्षांचे अंतर होते आणि दोघांची मापे एकत्र ताडून पाहायचे तेवढे राहून गेले होते.

याउलट, उंची आधी मोजून काम तडीस नेल्याचे उदाहरण आपल्या रायगडात आहे, मुरुडहून फार दूर नाही. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला आणि बरोबर वर्षाने, २६ जानेवारी १९९९ला, कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक सपाट वॅगनवर चढवायचा, चाकांना पाचरी लावायच्या, साखळ्यांनी बांधायचा आणि चालकाला त्याच्याच केबिनमध्ये बसवून पुढे न्यायचा. या मार्गावर ९१ बोगदे आहेत. ट्रकची उंची अधिक वॅगनच्या पाटाची उंची, ही बेरीज प्रत्येक बोगद्यात बसली पाहिजे. म्हणून ट्रक वॅगनवर चढण्याआधीच माप घेतले जाते; ताडपत्री फुगली असेल तर दोरी आवळावी लागते, माल जास्त उंच असेल तर उतरवावा लागतो. २०२२मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले, तेव्हा बोगद्यांच्या माथ्यावरची जागा तारेनेही वाटून घेतली आणि माप अधिकच काटेकोर झाले. ९१ बोगद्यांचा प्रश्न कोलाडच्या एका जागी सुटतो, तो या मापामुळे.

परदेशातही हा धडा ठेचा खाऊनच शिकले आहेत. अमेरिकेत डरहॅम गावी ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वे पूल आहे. पाट्या, दिवे, लोखंडी तुळई असे सगळे लावूनही ट्रकचे टप तिथे सोलून निघत. शेवटी २०१९मध्ये तो ८ इंच उचलला. सूचना देऊन भागत नाही, कारण चालकाला पुलाची उंची वाचता येते, पण स्वतःच्या गाडीची ठाऊक नसते.

आता हा प्रश्न आपल्या दाराशी येतो आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. रेवदंड्याहून काशीद, नांदगावमार्गे मुरुडला येणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून, घरांच्या पडव्यांना खेटून जातो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात याच किनाऱ्यावर झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले होते. अशा वादळानंतर नवी तार पहिल्याच उंचीवर ओढली गेली की नाही, हे माप घेतल्याशिवाय सांगता येत नाही. टपावर वातानुकूलन यंत्र बसवलेले चाकांवरचे घर घेऊन येणाऱ्या पाहुण्याला यातले काहीच ठाऊक नसते. पेंढ्याने भरलेल्या ट्रकला तार लागून आग लागल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. उद्या त्या पेंढ्याच्या जागी झोपलेली मुले असू शकतात.

मोजण्याची रीत अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांत नेहमीची हवा भरावी. टपावरच्या सर्वांत उंच वस्तूवर, मग ते यंत्र असो की अँटेना, सरळ फळी आडवी ठेवावी आणि फळीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडावी. माप रिकाम्या गाडीचे घ्यावे. भार उतरला की स्प्रिंग उचलतात आणि गाडी उंच होते. जाताना पुलाखालून गेलेला ट्रक माल उतरवून येताना अडकतो, तो यामुळेच. आलेला आकडा मीटर आणि फूट दोन्हींत लिहून चालकासमोर चिकटवावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर लांब गाडीची पुढची-मागची चाके चढावर राहतात आणि मधला टप पाटीवरच्या आकड्यापेक्षा वर जातो.

चालकाने एवढे केले तर उरलेले काम रस्ता राखणाऱ्यांचे आहे. दर डांबरीकरणानंतर आणि दर वादळानंतर पुन्हा माप घ्यावे, आणि पाटी पुलाच्या कपाळावर न लावता आधीच्या फाट्यावर लावावी, म्हणजे वळायला जागा मिळेल. हँकॉक पुलासाठी लागलेल्या सहा वर्षांपुढे हा खर्च एका टेपचा आणि रंगाच्या एका डब्याचा आहे. राजपुरीचा नाखवा पाणी बघितल्याशिवाय होडी पुलाखाली घालत नाही. रस्त्यावरच्या माणसाला ते पाणी दिसत नाही. ते त्याला पाटीवर लिहून दाखवावे लागेल.