ई-६१० : भोपाळच्या एका टाकीचा घटनाक्रम

जून १९८४. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट गार ठेवणारी यंत्रणा बंद केली गेली. हे द्रव विषारी, ज्वालाग्राही, आणि पाण्याशी गाठ पडली की स्वतःच तापत जाणारं. जितकं तापेल तितकी अभिक्रिया जोरात, आणि तितकी उष्णता आणखी. म्हणून ते शून्य ते पाच अंशांत ठेवायचं असतं. पण त्यापासून बनणाऱ्या सेव्हिन या कीटकनाशकाचा खप घसरला होता, कारखाना तोट्यात होता आणि काटकसर चालू होती.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध. जमिनीखालच्या ई-६१० टाकीत सुमारे ४२ टन द्रव. तिच्यात नायट्रोजनचा दाब धरेना. दाब नाही म्हणजे आतला माल बाहेर काढता येत नाही, आणि बाहेरून काही शिरू पाहिलं तर ते थोपवायलाही काही नाही. टाकी तशीच भरलेली राहिली.

२ डिसेंबर, रविवार, रात्री साडेनऊ. जवळचे पाइप पाण्याने धुवायला घेतले. अशा वेळी पाणी पुढे जाऊ नये म्हणून पाइपात लोखंडी चकती बसवायची असते; ती बसवली नव्हती. याच वाटेने पाणी टाकीत उतरलं, असं कामगारांचं म्हणणं. कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं, असं कंपनीचं. वाद आजही मिटलेला नाही. मला तो दुय्यम वाटतो. पाणी कोणत्याही वाटेने आलं असो, पुढे त्याला अडवणारं काहीही शाबूत नव्हतं.

१०.२०. टाकीतला दाब चौरस इंचाला २ पौंड. पावणेअकराला पाळी बदलली.

११.००. दाब १० पौंड. नव्या पाळीच्या कामगाराला यात वावगं वाटलं नाही, कारण २ ते २५ हा नेहमीचाच पल्ला. काटा तासाभरात कुठून कुठे आला, हे त्याला कळायला वाव नव्हता.

११.३०. डोळे चुरचुरू लागले. छोट्यामोठ्या गळत्या तिथे रोजच्याच, आणि नाकाडोळ्यांना झोंबलं की गळती आहे असं समजायचं, ही रीतच पडून गेली होती. शोधाशोध झाली, गळती सापडली, वरिष्ठांना कळवलं. ठरलं की चहानंतर बघू.

१२.४०. चहा झाला. तोवर दाबाचा काटा पट्टीच्या टोकाला, तापमानाचाही तसाच. टाकीवरचं काँक्रीट तडकत होतं. ४० पौंडांना उघडणारी सुरक्षा झडप उघडली आणि ३३ मीटर उंचीच्या नळीतून वायू शहराच्या अंगावर सुटला.

आता बचावाच्या साधनांची पाळी. वायू कॉस्टिक सोड्याने धुणारा स्क्रबर वापरात नव्हता. चालू असता तरी इतक्या लोंढ्याला पुरला नसता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइपाचा तुकडा गंजला म्हणून काढून ठेवलेला. अडचणीच्या वेळी रिकामी असायला हवी त्या ई-६१९ टाकीतही माल होता. राहिलं पाणी. टाकीत शिरलं तर घात करणारं हेच पाणी, बाहेर पडलेल्या वायूवर फवारलं तर त्याला खाली आणतं. कामगारांनी फवारे सोडलेही. ते तिथवर पोचेनात.

१.००. भोंगा वाजला, आणि काही मिनिटांत शहरासाठीचा भोंगा बंद केला गेला. आतला, कामगारांसाठीचा, चालू राहिला. कारखान्यातली बहुतेक माणसं वाऱ्याची दिशा बघून उलटीकडे निघाली आणि वाचली. शेजारच्या जयप्रकाशनगरात, काझी कॅम्पात लोक खोकत उठले आणि वायू जिकडे चालला होता तिकडेच धावले. धाप लागेल तितका वायू छातीत जातो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत राहिला, लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर. पोलिसांनी कारखान्यात फोन केले तेव्हा सगळं ठीक असल्याचं सांगण्यात आलं.

रेल्वे स्टेशनवर उप-स्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची भरलेली एक्सप्रेस वेळेआधीच सोडली. वरून हुकूम येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या रात्री आपत्तीचा मुकाबला म्हणावा असं जे थोडं घडलं, त्यात हे ठळक.

२.०० नंतर. टाकी रिकामी होत आली. साधारण ४० टन वायू बाहेर पडला होता. अडीचच्या सुमारास शहरासाठीचा भोंगा पुन्हा वाजला. हमीदिया रुग्णालयात डॉक्टरांना आधी अमोनिया सांगितलं गेलं, मग फॉस्जिन. मिथाइल आयसोसायनेट हे नाव त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं.

तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवे जा: एवढं आधी सांगितलं असतं तरी कित्येक जण वाचले असते. यासाठी पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हतं. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेले मृत्यू ३,७८७. इतर अंदाज याच्या कितीतरी पट.

१९८७ साली कारखाना कायद्यात ४१-ब कलम आलं. धोकादायक कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका काय आणि तो टाळण्याचे उपाय काय हे सांगणं आता सक्तीचं आहे. तारापूर, लोटे, पाताळगंगा, डोंबिवली, जिथे कुठे तुमचं घर एमआयडीसीला लागून असेल तिथे विचारा: शेजारच्या टाकीत काय आहे, आणि भोंगा वाजला तर कुठल्या दिशेने जायचं? उत्तर मिळालं नाही तर लेखी मागा.