पेठेंतील दुकानें आणि गांवची गरिबी

गांवाची सांपत्तिक स्थिति जाणावयाची असल्यास पेठेंतील दुकानें नुसतीं मोजूं नयेत. तीं कशाचीं आहेत हें पाहावें. दारिद्र्यानें दुकानें नाहींशीं होतात असा समज आहे. परंतु पुष्कळदां दारिद्र्य त्यांची निवड करितें. आमच्या वर्धा जिल्ह्याचा इतिहास हेंच सांगतो.

हा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झाला, आणि १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसलें. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळें हिंदी कापसास विलायतेंत मोठी मागणी आली, मागोमाग आगगाडीही आली, आणि हिंगणघाटचें नांव परदेशीं पोंचलें. अडत्या, दलाल आणि सावकार हे पेठेचे आधारस्तंभ झाले. शेतकरी तेव्हांही ऋणको होताच. परंतु बियाण्यासाठीं त्यास दुकानाची पायरी चढावी लागत नसे. निवडक सरकी तो घरींच राखी आणि उरलेली बैलांस चारी.

गांवचा पैसा गांवांतच खेळावा या हेतूनें १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्यास मगनवाडींत तेलघाणी, हातकागद इत्यादि उद्योगांस नवें जीवन देण्याचा प्रयत्न केला. काळाचा ओघ मात्र उलट वाहिला. १९७० सालीं गुजरातेंत संकरित कापसाचें वाण निघालें. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. संकरित बियाणें घरीं राखून भागत नाहीं. तें दरसाल विकत घ्यावें लागतें. म्हणून तालुक्याच्या पेठेंत कृषि केंद्रें आलीं, आणि बियाण्यासोबत खत व औषध उधारीवर मिळूं लागलें.

येथील शेती बहुतांशीं कोरडवाहू. पाऊस पेरणीनंतर दडी मारून बसला कीं दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याची दुबार खरेदी! शेतकऱ्याची आपत्ति तीच दुकानाची विक्री. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत वर्धाही होता.

यांत दुकानदारास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. उधारी बुडाली तर तोही बुडतो. परंतु आपल्या गांवीं पुस्तकांचें एखादें चांगलें दुकान कां टिकत नाहीं, अशी तक्रार आम्ही सुशिक्षित मंडळी नेहमीं करितों. कापसाचा पैसा उधारी फेडून शेतकऱ्याच्या हातीं उरेल, तेव्हांच तें टिकेल.